लेकीच्या परीक्षेला दिलेलं डोकं

मी केसांना काळी मेंदी लावतो ही गोष्ट मी माझ्या मुलीपासून लपवली, आणि त्याच केसांवर तिला परीक्षा देऊ दिली.

लपवाछपवी तशी आठ वर्षांची. दर तिसऱ्या रविवारी मी बदलापुरात, कुळगावातल्या घरून "जरा मित्राकडे जाऊन येतो" म्हणून निघायचो. मित्र म्हणजे विठ्ठलवाडीच्या डेपोमागचा न्हावी. डोक्याला मेंदीचा वास येऊ नये म्हणून परत येताना सुके बोंबील घ्यायचे, आणि पिशवी मुद्दाम खांद्याशी धरून घरात शिरायचं. अंबरनाथला ज्या कंपनीत मी स्टोअर सांभाळतो, तिथली पोरं विचारायची, "काका, एक पण पांढरा नाही?" मी म्हणायचो, "आमच्या आजोबांचे ऐंशीव्या वर्षी काळे होते." आजोबांना मी पाहिलं तेव्हा त्यांच्या टकलावर टोपी होती. टोपी मात्र काळी होती. या सगळ्या कौतुकाने डोकं इतकं फिरलं की मी केस मानेपर्यंत वाढवले.

मुलीने बी.कॉम. झाल्यावर बँकेच्या परीक्षा सोडून कॅम्प तीन भागातल्या एका सलॉनच्या क्लासला नाव घातलं. मी तोंड वाकडं केलं. "केस कापायला पण आता कॉलेज?"

"कापायला नाही पप्पा, रंगवायला," ती म्हणाली, आणि पुढचे सहा महिने माझ्याशी कामापुरतंच बोलली.

शेवटची प्रॅक्टिकल होती केस फिके करण्याची. पास झाली तर त्याच सलॉनमध्ये रिकामी झालेली खुर्ची तिची. नापास झाली तर तीन महिन्यांनी पुन्हा, आणि तोवर खुर्ची दुसऱ्या कुणाची. तीन मुली टपून होत्या.

आदल्या संध्याकाळी तिची मॉडेल गळाली. मैत्रीणच होती, तिच्या आईने ऐन वेळी सांगितलं, लग्न ठरेपर्यंत केसांना हात लावायचा नाही. मुलगी फोनवर फोन लावत होती. प्रत्येकीला तेच सांगायची : केस मानेपर्यंत हवेत आणि त्यांना आजवर कुठलाही रंग, मेंदी, काही लागलेलं नको. सातव्या नकारानंतर तिने फोन पलंगावर टाकला. मी दारात उभा होतो.

"माझे घे ना," मी म्हणालो.

ती उठून आली. माझ्या केसांत बोटं घातली, उजेडात धरून बघितले. "कोरडे आहेत. कधीच काही लावलं नाही ना?"

"छे! आवळ्याचं तेल."

ती हसली. सहा महिन्यांनी हसली हो. त्या हसण्यासमोर खरं बोलायला फार मोठा माणूस लागतो. बायको भाचीच्या बाळंतपणाला अंबरनाथला गेलेली, त्यामुळे मला अडवणारं घरात कुणी नव्हतं.

मग कुठली पद्धत करायची यावर खल. मुलगी मोबाइलवर फोटो दाखवत होती. ग्लोबल म्हणजे सगळं डोकं एकदम फिकं. फॉइल म्हणजे बारीक बटा घेऊन चांदीच्या कागदात गुंडाळायच्या. बालायाज म्हणजे कागदबिगद काही नाही, ब्रशने हातानेच खालच्या केसांवर रंग ओढायचा. भाकरी मोडेपर्यंत मला ग्लोबल आवडलं होतं, आमटी संपेपर्यंत फॉइल, आणि हात धुताना मी बालायाजवर आलो. "मॅडमला बालायाज आवडतं, त्यात हात दिसतो," मुलगी म्हणाली. मी म्हटलं, झालं तर मग! जसं काही परीक्षा मीच देणार होतो.

सकाळी शेअर रिक्षात तिने सामानाची पेटी मांडीवर धरली होती आणि मी माझं डोकं. डोकं म्हणत होतं, अजून वेळ आहे, सांग. मी दुकानांच्या पाट्या वाचत बसलो.

क्लास दुसऱ्या मजल्यावर. खाली जीन्सचा कारखाना, त्यामुळे पायाखालची फरशी सतत थरथरत होती. माझा पाय त्याहून जास्त. मॅडम, म्हणजे सलॉनची मालकीण, पन्नाशीच्या सिंधी बाई. त्यांनी फॉर्म पुढे केला. 'पूर्वी रंग किंवा मेंदी?' मी 'नाही'वर खूण केली आणि खाली सही ठोकली. स्टोअरमध्ये मी कधी इतक्या जलद सही करत नाही.

पण सगळं डोकं रंगवायच्या आधी एक बट करून बघायची असते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मुलीने कानामागची बट घेतली, लेप लावला, गुंडाळली. वीस मिनिटं! मी दोनदा पाणी प्यायलो, एकदा उगाच बाथरूमला जाऊन आलो, अंगावरच्या काळ्या कापडासकट. आरशात वाकून कान बघायचा प्रयत्न केला.

"पप्पा, पाय."

पाय थांबवला तर गुडघा हलायला लागला.

तिने बट उघडली. मुळाशी पिवळी, मध्ये विटकरी, टोकाला काळी ती काळीच. असा माल कंपनीत आला असता तर मी गाडीसकट परत पाठवला असता.

"पप्पा, काय लावता?"

"तेल."

"तेलाने विटकरी होत नाही."

"बदलापूरचं पाणी..."

मॅडम येऊन उभ्या राहिल्या. बट दोन बोटांत फिरवली. "अंकल, खाली जीन्सवाले पण पहिले एक तुकडा धुऊन बघतात. तुमचा तुकडा खरं बोलतोय. तुम्ही कधी बोलणार?"

"तसं काही नाही मॅडम," मी म्हणालो. इतकं होऊनही!

मुलीने फोन काढला, स्पीकरवर टाकला. "मम्मी, पप्पा केसांना काही लावतात का?"

"का गं, काय झालं त्यांना?"

"पटकन सांग, परीक्षा चालू आहे."

"काळी मेंदी. आठ वर्षं झाली. उशीचे अभ्रे कोण धुतं घरात? वर बोंबील आणतात, म्हणे मित्राकडे गेलो होतो."

"मग तू कधी बोलली का नाहीस?"

"म्हटलं, हौस आहे, करू दे."

सगळा हॉल हसला. मॉडेल म्हणून बसलेल्या बायका फॉइल सांभाळत हसल्या. मुलगी हसली नाही. तिने ब्रश वाटीत ठेवला आणि घड्याळाकडे बघितलं.

मॅडम तिला म्हणाल्या, "देख, आज सोडून दे, तीन महिन्यांनी ये. नाहीतर प्लॅन बदल. दीड तास आहे."

"बाळा, तू कर बालायाज," मी म्हणालो. "बिघडलं तर मी टोपी घालीन."

"तुम्ही एक शब्द बोलू नका."

ती मोठ्याने विचार करू लागली, मॅडमला ऐकू जाईल असा. ग्लोबल केलं तर मुळं पिवळी चमकणार. बालायाजमध्ये ब्रश खालच्या केसांवर, आणि मेंदीचे सगळ्यात जास्त थर तिथेच. ते हलणार नाहीत. म्हणजे फॉइल. थोड्या, बारीक बटा, मुळापासून लांब, लेप सौम्य. "आणि सोनेरी नाही करणार. तांबूसवर थांबणार."

"लिहून दे," मॅडम म्हणाल्या, आणि दुसऱ्या खुर्चीकडे गेल्या.

चौदा फॉइल लागल्या. दर पाच मिनिटांनी ती एकेक उघडून बघायची, पुन्हा मिटायची. दोन तिने वेळेआधीच धुतल्या. मी दोन्ही हातांनी गुडघे दाबून धरले होते. बाजूच्या मुलीच्या मॉडेलचं डोकं फोटोतल्यासारखं सोनेरी झालं, लोक मोबाइल घेऊन धावले. माझी मुलगी तिकडे बघायला तयार नव्हती.

शेवटी धुऊन, वाळवून झालं. काळ्यात कडक चहाच्या रंगाच्या बारीक रेघा. फोटो काढावा असं काही नव्हतं, पण कुठे पिवळं नाही, कुठे तुटलं नाही. मॅडमने कंगव्याने थर उचलून बघितले. कानामागची विटकरी बट दिसली तेव्हा नाकातून आवाज काढला.

"बालायाज करणार होतीस, केलं नाहीस."

मुलगी ब्रश पुसत राहिली.

"चांगलं केलंस. कस्टमर खोटं बोलला तरी त्याचं डोकं वाचवलंस. एक तारखेपासून ये. खुर्ची तुझी."

मुलगी मटकन स्टुलावर बसली आणि दोन्ही हातांत तोंड लपवलं. हातमोजेही काढले नव्हते. मला राहवेना. अंगावरचं कापड सावरत मी उठलो आणि म्हणालो, "म्हणजे मॅडम, थोडी माझी पण मदतच झाली म्हणायची."

मॅडमने मला वरून खालपर्यंत बघितलं आणि मुलीला म्हणाल्या, "पुढच्या बॅचला पण अंकलना घेऊन ये. इतकं खोटारडं डोकं शिकवायला दुसरं मिळणार नाही."