साधी झेड

घरी नवीन पाहुणा आला की आमचे आबा आधी स्वतःच्या मुलीकडे बोट करायचे. "ही सुनंदा. ही झेड-एल." मग माझ्याकडे वळायचे. "ही धाकट्या भावाची, मंगल. साधी झेड. हिच्यात रेडिओ बसवलेला नाही." मी बोलताना अडखळते हे पाहुण्याला तोवर कळलेलं असायचं, त्यामुळे तो मनापासून हसायचा. मी चहाचा ट्रे घेऊन तिथेच उभी असायचे.

झेड म्हणजे जपानची एक स्पोर्ट्स मोटार, लांब नाकाची नि दोन दारांची. देवासात ती कुणी पाहिलेली नव्हती. आबांनीही नाही. आजोबा धारच्या दरबारी मोटरखान्यात होते, म्हणून मोटारींचं वेड घरातलंच. आबा देवासला एका कारखान्यात स्टोअरकीपर झाले. आणीबाणीच्या सुमाराला तिथे मशिनं बसवायला एक जपानी इंजिनिअर आला आणि जाताना त्यांना झेडच्या कॅटलॉगांचा गठ्ठा देऊन गेला. आमच्या घराची शांतता त्या दिवशी संपली.

आबा फोटोखालचं नाव तळहाताने झाकायचे आणि समोरच्याला विचारायचे, सांगा, कुठली? "तोंड काय बघता भिया, तोंड सगळ्यांचं सारखंच असतं. पाठ बघा पाठ!" मागच्या झाकणावर हवेच्या दोन खाचा असल्या तर ती अगदी पहिली, दोनशे चाळीस नंबरचं मॉडेल. खाचा जाऊन खिडकीमागच्या खांबावर गोल बिल्ला आला असेल तर नंतरची. गाडी मागे घेतानाचा पांढरा दिवा लाल दिव्याच्याच चौकटीत असेल तर चाळीस, आणि नंबरपाटीकडे वेगळा सरकला असेल तर दोनशे साठ. साधी आणि एल मात्र आत डोकावल्याशिवाय कळत नसे. एलमध्ये रेडिओ, घड्याळ, सगळा थाट; साधीत त्या जागा रिकाम्या.

चुकणाऱ्याची आबा गय करत नसत. त्यांच्याच हाताखालचा एक कारकून दोनदा चुकला, तेव्हा चारचौघांत त्याला म्हणाले, तुम्ही खातेगावला जाऊन सोयाबीन बघा. मला कधी कुणी विचारलं नाही, पण ट्रे धरून उभ्याउभ्या मी सगळं शिकले. एकदा एक पाहुणा गडबडला तेव्हा मला राहवलं नाही. मी "सा... सा... साठ" म्हटलं. आबांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"बरोबर," ते म्हणाले. "पण वेळ गेला."

खोटं कशाला बोलू, त्यांनी मला टाकलं नाही. आईवडिलांमागे मला वाढवलं, शिकवलं, माझ्या जिभेसाठी नेमावरला जाऊन नर्मदामाईला साकडं घातलं. पण त्या घरातून बाहेर पडायचं एवढंच माझ्या मनात होतं, आणि बाहेर पडायचा रस्ता लग्नातूनच जात होता.

धारचं एक स्थळ आलं. मुलगा सरकारी नोकरीत, जुन्या दरबारी घरातला. काकूने आधीच निरोप पाठवला होता की मुलगी लाजरी आहे, फक्त नाव विचारा. पंधरा दिवस मी न्हाणीघराचं दार लावून माझं नाव घोकत होते. पाहुणे आले, मुलाच्या वडिलांनी नाव विचारलं, आणि 'म'पाशी माझे ओठ जे मिटले ते उघडेनात. मुलगा वाट पाहत होता. अगदी शांतपणे, मान किंचित झुकवून. आणखी दोन श्वास मिळाले असते तर मी नाव सांगितलं असतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. पण आबांना दम निघाला नाही.

"साधी झेड आहे," ते म्हणाले. "रेडिओ बसवलेला नाही."

मुलाचे वडील हसले. मग मुलगाही हसला. महिन्याभराने त्यांनी सुनंदाला मागणी घातली, आणि तिच्या लग्नात मी करवली म्हणून मिरवले.

सहा वर्षांनी आबांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. सुनंदा धारला संसारात, काकूची कंबर धरलेली, तेव्हा त्यांचं सगळं माझ्याकडे आलं. रोज त्यांना कुशीवर वळवून मी पाठ पुसायचे, पावडर लावायचे. डॉक्टर म्हणाले, त्यांच्याशी बोलत राहा. म्हणून दुपारी मी कॅटलॉग उघडून एकेक गाडी ओळखून दाखवू लागले. नवल म्हणजे त्यांच्यापुढे मी मुळीच अडखळत नव्हते. आठ दिवस सगळं बरोबर सांगितलं. ते डाव्या हाताने चादरीवर थोपटून शाबासकी द्यायचे.

नवव्या दिवशी मी साठला चाळीस म्हटलं.

त्यांनी मान हलवली. मी पुन्हा चाळीस म्हटलं. घशातून "अं, अं" असा आवाज निघाला, लाळ उशीवर ओघळली. मी ती पुसली आणि मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"सांगा ना, आबा. वेळ गेला."

त्यानंतर रोज एक तरी चूक करायचे. मला बरं वाटायचं. लाज वाटायची नाही. शेवटच्या आठवड्यात त्यांनी स्वतः कॅटलॉग ओढून घेतला, डाव्या अंगठ्याने तो वेगळा पांढरा दिवा दाबून धरला आणि माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं. एवढं एकदा खरं बोल, असंच ते म्हणत होते. मी म्हटलं, चाळीस. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. तीन दिवसांनी ते गेले.

तेराव्याला जो तो म्हणत होता, पोटच्या पोरीने केलं नसतं एवढं हिने केलं. सुनंदाचे यजमान आबांच्या खाटेवर बसून कॅटलॉग चाळत होते. एका फोटोवर बोट ठेवून त्यांनी मला सहज विचारलं, ही कुठली हो? मला पहिल्याच नजरेत कळलं. साठ, मागच्या सीटची, लांब टपाची.

मी तोंड उघडलं. "सा..." म्हटलं. "सा..."

ते थांबले. अगदी शांतपणे, मान किंचित झुकवून. मग हसले आणि त्यांनी पान उलटलं.