शेवटच्या पंगतीची आमटी

संपात गिरण्या बंद पडल्या आणि लालबागच्या मावशींची खाणावळ ओस पडली. जेवायला येणारे कामगार एकेक करून गावी गेले. तालुक्याच्या गावाहून शिकायला आलेला मी मात्र राहिलो, आणि मावशींनी माझं ताट कधी बंद केलं नाही. आमच्या घरातला पहिला पदवीधर त्या ताटावर झाला.

बऱ्याच वर्षांनी, मी परळच्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत असताना, मावशींच्या नातीला रक्ताचा कर्करोग झाला. सुरुवातीच्या औषधांनंतर सूक्ष्मदर्शकाखाली आजाराच्या पेशी दिसेनाशा झाल्या. मावशी पेढे घेऊन थेट आमच्या प्रयोगशाळेच्या दारात.

"खा रे, पोर सुटली!"

पेढा हातात धरूनच मी म्हणालो, "मावशी, आमची तपासणी राहिलीय. डोळ्यांना दिसत नाहीत इतक्या थोड्या पेशी मागे उरल्या, तरी आमच्या यंत्रात सापडतात. सापडल्या तर औषध वाढवावं लागतं."

तपासणीत काही सापडलं नाही. पण नमुना पातळ होता. हाडातला मगज सुईने ओढताना पहिली ओढ दाट येते, पुढच्या ओढींत रक्त मिसळत जातं. जुन्या सवयीने पहिली ओढ सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्ट्यांसाठी गेली होती, आमच्याकडे नंतरची आली. डॉक्टरांनी नमुना पुन्हा घ्यायचं ठरवलं.

मुलीच्या आईला रडू फुटलं. "काही निघालं नाही ना? मग परत सुई कशाला?"

नमुन्यात रक्त कसं मिसळलं ते मी समजावू लागलो, तर मावशींनीच मला थांबवलं.

"म्हणजे तुला शेवटच्या पंगतीची आमटी मिळाली. पाणी घातलेली." मग सुनेकडे वळून म्हणाल्या, "तिच्यात डाळ नाय मिळाली म्हणून टोपात डाळच नव्हती, असं कोण म्हणेल गो?"

सुनेने पदराने डोळे पुसले. शेवटी म्हणाली, "पण भूल देऊनच घ्या."

या वेळी पहिली ओढ आमच्याकडे आली. पडद्यावरच्या ठिपक्यांत, बाकीच्यांपासून जरा बाजूला, आजाराच्या पेशींचा एक लहानसा पुंजका होता. औषधं वाढली. पोरीचे नुकते उगवलेले केस पुन्हा गेले, शाळेचं वर्षही गेलं.

त्यानंतरच्या तपासणीत तो पुंजका नव्हता. मावशी आल्या, पण पेढ्यांचा पुडा पिशवीतच ठेवून उभ्या राहिल्या.

"आधी सांग, नमुना कुठल्या पंगतीचा?"

"पहिल्या, मावशी. चांगला दाट होता."

तेव्हा कुठे त्यांनी पुड्याचा दोरा सोडला.