कॅन, कुड आणि आंब्याची डाळ

मोबाइलवरची ती उभी रेघ सकाळपासून माझ्याकडे बघून नुसती लुकलुकत होती. वरच्या मजल्यावर केरळची एक मुलगी नव्यानं राहायला आली आहे. एकटीच असते. तिला मराठी येत नाही, हिंदीही नाही. तिला इंग्रजीत निरोप लिहून चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला बोलवायचं, एवढंच काम.

‘कॅन यू कम’ लिहिलं, तर माझी लेक म्हणाली, “आई, उद्धट वाटतं. कुड लिही.” लिहिलं. “अगं, मग पुढच्या वाक्यातला काळही बदल ना!” बदलला. आता तो निरोप नोकरीच्या अर्जासारखा दिसायला लागला. मे, माइट, शुड, वुड! जुळ्या बहिणी मेल्या; एकीला हाक मारावी तर दुसरी रुसते. आपल्याकडे ‘यायचं हं’ म्हटलं की आग्रह, माया, हक्क सगळं आलं. नाही आली तर रागवायचीही सोय.

डाळ वाटून झाली, पन्हं गार झालं, निरोप काही जाईना. शेवटी वैतागून मोबाइल ओट्यावर टाकला, कुंकवाचा करंडा उचलला आणि जिना चढले. बोलावणं करताना कुंकू लावायची आमची रीत तिला काय ठाऊक असणार? पण करंडा उघडताच तिनं कपाळ पुढे केलं.

“आंटी,” ती इंग्रजीतच म्हणाली, “सकाळपासून तुमचं ‘टायपिंग’ दिसत होतं. मी वाट बघत होते.”

तिनं काळ बरोबर वापरला की चूक, कुणाला पडलंय!