राजाच्या मुकुटाखाली मिहरग

विंदादने उभ्या जन्मात राजा पाहिला नव्हता. इस्तख्र शहरातल्या आमच्या चांदीशाळेत कुणीच पाहिला नव्हता. नाण्यावरून मुकुट ताटावर तंतोतंत उतरवायचा, त्याखाली दाढीवाला रुबाबदार चेहरा ठोकायचा, की झाला इराणचा राजा! दुसरा राजा आला की मुकुट दुसरा. चेहऱ्याकडे बघतो कोण?

मी बघायचो. विंदादने घडवलेल्या ताटांवर सोन्याचा मुलामा चढवायचं काम माझं. त्याचा एकुलता एक मुलगा मिहरग पूर्वेच्या लढाईवर गेला आणि परतलाच नाही. तेव्हापासून ताटावर सिंहामागे घोडा दौडवणाऱ्या राजाचं नाक डावीकडे कलू लागलं. लहानपणी घोड्याने लाथ मारल्यामुळे मिहरगचं नाक तसंच होतं.

"गाढवा, मुकादमाच्या लक्षात आलं तर हात छाटतील तुझे," मी म्हटलं.

"मुकुट चुकलाय का?"

मुकुट चुकला नव्हता. बोलणार काय, कपाळ! पण त्या ताटांकडे पाठ करून मी कधी बसलो नाही. जेवायला बसताना विंदाद घडवत असलेलं ताट पालथं घालून ठेवायचा. मुलाच्या देखत एकट्याने खाणं त्याला जमत नसे.

घरी विंदादची बायको, देनगवहिनी, रोज मिहरगची रोटी आणि खजूर वाढून ठेवत. प्रेत आलं नव्हतं, म्हणून त्यांनी मृत्यूनंतरच्या चौथ्या पहाटेची प्रार्थना होऊ दिली नाही. तिच्याशिवाय आत्मा पुढे जात नाही, इथेच घुटमळतो. अग्यारीतले पुजारी, मोबेद, समजवायला आले, तर वहिनींनी त्यांना उंबऱ्यावरूनच परतवलं.

"जिवंत माणसाचं दिवसकार्य करता? जीभ झडेल तुमची!"

विंदाद मात्र खंगत चालला. "मिहरग रोज संध्याकाळी दारात उभा असतो रे," तो मला सांगायचा. "आत येत नाही, जातही नाही. हिने एकदा प्रार्थनेला हो म्हटलं तर सुटेल पोरगा."

मग राजा वारला. नव्या मुकुटाच्या ताटांसाठी जुनी ताटं वितळवायला आली, आणि पहिलंच निघालं ते मिहरगचं. विंदाद चिमटा घेऊन ताटाजवळ तसाच उभा राहिला. आमच्यात मेलेल्याचा स्पर्श अग्नीला होऊ देत नाहीत. त्याहून मोठं पाप नाही. आणि पोरगा जिवंत असेल, तर बापानेच त्याचं तोंड जाळायचं?

तेवढ्यात वहिनी डबा घेऊन आल्या. त्यांची नजर ताटावर गेली. त्यांनी बोट पुढे केलं, त्या नाकावरून हळूच फिरवलं, आणि नवऱ्याकडे पाहिलं.

"राजा गेला, ताट गेलं! रडताय काय?" मुकादमाने चिमटा हिसकावला आणि ताट उचलून भट्टीकडे नेलं.

"आगीत नको!" वहिनी किंचाळल्या. "प्रेत आगीत घालतात का कुणी? अग्नी विटाळेल!"

चांदीशाळेतल्या हातोड्या थांबल्या. मुकादमाने एकदा ताटाकडे, एकदा विंदादकडे पाहिलं, ताट जमिनीवर ठेवलं आणि काही पाहिलंच नाही अशा चेहऱ्याने बाहेर निघून गेला. बरा निघाला माणूस.

वहिनींनी ओढणी तोंडावर दाबून धरली होती.

"कुणाचं प्रेत, देनग?" विंदादने विचारलं.

त्या ताटाशेजारी मटकन बसल्या.

"माझ्या मिहरगचं," त्या म्हणाल्या. "अहो, मोबेदांना बोलवा."