चित्रकलेच्या बाईंची कार्टी

सासूबाईंची आणि जावयाची पहिली भेट झाली तेव्हा इमारतीच्या सगळ्या मजल्यांवरच्या काचा थरथरल्या, छपरावरची कबुतरं उडाली ती थेट पलीकडच्या गावात जाऊन बसली, आणि तळमजल्यावरच्या पहारेकऱ्याने आग विझवायची बादली उचलली. झालं होतं एवढंच, की नुकतीच डॉक्टरेट मिळवलेल्या, अंगाला भरपूर अत्तर चोपडलेल्या एका तरुणाने पेशी वाढवायच्या खोलीच्या दाराला हात लावला होता.

"हात!" आतून गर्जना झाली.

तरुणाने दोन्ही हात वर केले.

"वर कशाला करताय? मी काय दरोडा घालतेय? धुवा ते, कोपरापर्यंत! आणि तो बागेचा वास उतरवून या. माझ्या पेशींना शिंका येतील."

"पेशींना शिंका येत नाहीत," तरुण चाचरत म्हणाला. त्याचा प्रबंध पेशींवरच होता, आणि चांगला उशीएवढा जाड होता.

"तुमच्या पेशींना येत नसतील. माझ्या लाडात वाढल्यात."

सासूबाई हे नाव त्यांना पूर्वीच्या कुठल्या तरी पिडलेल्या विद्यार्थ्याने ठेवलं होतं. त्यामुळे हा तरुण ओघानेच जावई झाला. खरं तर त्यांना मूलबाळ नव्हतं. घरी एक नवरा होता, पण तो इतका मऊ की त्याच्यावर रागावणं म्हणजे गादीवर गुद्दे मारणं. तेव्हा सगळी हौस त्यांना प्रयोगशाळेतच भागवावी लागे.

त्यांचं काम ऐकून लोक बिचकत. ओव्हरीच्या कॅन्सरमध्ये पुष्कळदा पोटात पाणी साठतं. समोरच्या हॉस्पिटलातले डॉक्टर ते काढत आणि सासूबाई ते मागून आणत. त्यात तरंगणाऱ्या कॅन्सरच्या पेशी वेगळ्या करायच्या, चपट्या प्लास्टिकच्या बाटलीत घालायच्या, उबेच्या कपाटात ठेवायच्या आणि गुलाबी रंगाचं पोषक द्रव पाजत वाढवायच्या. ह्या द्रवाला तिथे सगळे 'खाऊ' म्हणत. पेशी कायमच्या वाढत राहिल्या, तर त्यांचं घराणं सुरू झालं म्हणायचं. मग शरीराच्या स्वतःच्या फौजेला कॅन्सरवर सोडणारी औषधं आधी ह्या घराण्यावर करून बघता येतात.

सगळं जग कॅन्सर मरावा म्हणून देव पाण्यात घालून बसलेलं, आणि ही बाई तो जगावा म्हणून जिवाचं रान करत होती. आणि तो तरी किती नतद्रष्ट! पोटात होता तोवर कुणाच्या बापाला ऐकला नाही. बाटलीत ऊब, खाऊ, स्वच्छता, सगळं आयतं मिळालं की रुसून मरून जाई. बहुतेक घराणी सुरू होण्याआधीच बुडत. अपवाद एकच. दुसऱ्या प्रयोगशाळेतून आणलेल्या, कशातही फोफावणाऱ्या जुन्या पेशी. त्यांचं नाव पहिलवान.

अशात चित्रकला शिकवणाऱ्या एका बाईंच्या पोटातलं पाणी आलं. पाठोपाठ बाई स्वतःच आल्या. केमो घ्यायला आल्या की त्या प्रयोगशाळेच्या काचेवर टकटक करत.

"काय म्हणतायत माझी कार्टी?"

"झोपलीत," सासूबाई सांगत. "खातपीत नाहीत."

"माझ्या पोटात राहून फुकट खाल्लंय मेल्यांनी. आता कामाला लागू देत. ताई, मला त्यांचा उपयोग नाही हे माहितीय मला. पण निदान ती राहतील ना मागे?"

"जगवते," सासूबाई म्हणाल्या. "शब्द दिला."

"असा शब्द देऊ नये हो," विभागाच्या मोठ्या मॅडम नंतर कळवळून म्हणाल्या. पण तोंडातून गेलेला शब्द काही पिपेटच्या नळीने परत ओढून घेता येत नाही.

आणि एके दिवशी कार्टी उठली. नुसती उठली नाहीत, बाटलीभर पसरली. सासूबाईंनी जावयाला मायक्रोस्कोपपाशी ढकललं. "बघा, बघा! कशी अंगाला अंग लावून बसलीत!" त्या दिवशी त्यांनी बाईंना लगेच आनंदाने कळवलं, जावयाला चक्क चहा पाजला, आणि त्याने तो घाबरत घाबरत प्यायला.

रिवाजाप्रमाणे त्या पेशींचा जनुकीय ठसा बाईंच्या रक्ताशी ताडून पाहायला पाठवला. उत्तर आलं: ह्या पेशी बाईंच्या नाहीत. हा पहिलवान आहे.

मोठ्या मॅडमनी सरळ जावयाकडे पाहिलं. "सॉरी," जावई म्हणाला. काय झालंय हे त्याला अजून कळायचं होतं, पण ह्या खोलीत ते आधी म्हणून टाकायची त्याला सवय झाली होती.

"तुम्ही गप्प बसा," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका खाली आला की जावयाला त्या आजारी वाटल्या. "माझ्या हातून झालंय ते."

एका घराण्याची खाऊची बाटली दुसऱ्याला लावायची नाही, हा त्यांचाच कायदा. त्यावरून त्यांनी माणसं रडवली होती. पण मध्यंतरी एका दुपारी सासूबाई पहिलवानाला भरवत असताना काचेवर टकटक झाली. डोक्याला रुमाल बांधलेल्या बाई, भिंतीला धरून उभ्या. कार्टी दाखवायच्या घाईत सासूबाईंनी हातातल्याच बाटलीतून कार्ट्यांनाही भरवलं. वापरलेल्या पिपेटबरोबर पहिलवानाच्या दोन-चार पेशी त्या खाऊत उतरल्या असणार. तेवढ्या त्याला पुरल्या. त्याने घर बळकावलं आणि घरची माणसं उपाशी मारली. बाईंच्या पेशी मुळात इतक्या थोड्या होत्या, की गोठवून राखून ठेवायलाही काही उरलं नव्हतं.

"सांगायलाच हवं का त्यांना?" जावई हळूच म्हणाला. "आनंदात आहेत बिचाऱ्या."

सासूबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याला पहिल्या दिवसाची गर्जना आशीर्वादासारखी वाटली.

त्यांनी कॉरिडॉरमधल्या बाकावर बाईंच्या शेजारी बसून सगळं सांगितलं. जावई दाराआड उभा होता.

"म्हणजे इतके दिवस मी परक्याच्याच पोरांचं कौतुक करत होते?" बाई म्हणाल्या.

"हो."

"आणि माझी?"

"मेली. माझ्या हाताने."

बाई हसल्या नाहीत. "मला वाटलं होतं, एवढं तरी नीट होईल," त्या म्हणाल्या. सासूबाई मान खाली घालून बसून राहिल्या. सून झाल्यासारख्या दिसत होत्या.

मग बाईंनी पोटावर हात ठेवला. "पुन्हा पाणी भरलंय. परवा काढणार आहेत. सगळं घेऊन या. आणि ताई, ह्या खेपेला मी काचेवर कितीही टकटक केली तरी मान वर करू नका."

सासूबाईंनी पाणी आणलं. बाईंच्या पेशींना वेगळी बाटली, वेगळं कपाट मिळालं, आणि भरवायचा दिवसही वेगळा ठरला. बाई त्यानंतर एकदाच आल्या. टकटक झाली. सासूबाईंनी मान वर केली नाही. जावयानेच हात हलवला.

पेशी लागल्या. ठसा बाईंच्या रक्ताशी जुळला. हे कळवायला जावयाने फोन केला तेव्हा तो बाईंच्या भावाने घेतला, आणि बाई मागच्या आठवड्यात गेल्याचं सांगितलं.

घराण्याला क्रमांक मिळाला. जावयाने त्या पेशींवर शरीराच्या फौजेतल्या पेशी सोडून, तो ज्यावर काम करत होता ते नवं औषध घालून पाहिलं. काही परिणाम झाला नाही.