दोन परतीची तिकिटं घेऊन धारूरला

वसईहून निघालो तेव्हा खिशात प्रवाशांना सांभाळणाऱ्या संत ख्रिस्तोफरचं मेडल होतं, पित्ताच्या गोळ्या होत्या आणि परतीची दोन तिकिटं होती. जाताना मी एकटा आणि येताना आम्ही दोघं, असा बेत होता. माझी मुलगी क्लारा चार महिन्यांपासून बीड जिल्ह्यात, धारूरजवळच्या सिस्टरांच्या (ख्रिस्ती संन्यासिनींच्या) लहानशा दवाखान्यात राहत होती. सिस्टर व्हायचं की नाही हे ठरवण्याआधी तिला वर्षभर त्यांच्यासोबत काम करून बघायचं होतं. मी तिला घरी आणायला निघालो होतो. एकुलती एक मुलगी देवाला देण्याइतका मी मोठा माणूस नाही.

गंमत अशी, की हे सगळं माझंच केलेलं. मी निवृत्त शाळामास्तर. रविवारी चर्चमध्ये मुलांना धर्मशिक्षण देतो. क्लारा लहान असताना संध्याकाळची रोजरी (जपमाळेची प्रार्थना) झाली की मी तिला एका संताची गोष्ट सांगायचो. तिची आवडती गोष्ट अर्थातच तिच्या नावाच्या संताची. घर सोडून गेलेल्या संत क्लाराला नातेवाईक ओढून न्यायला येतात आणि ती चर्चच्या वेदीवरचं कापड घट्ट धरून ठेवते. हा प्रसंग आम्ही चादर घेऊन खेळायचो. एक टोक तिच्या मुठीत, दुसरं माझ्या. मी दुष्ट नातेवाईक होऊन ओढायचो आणि शेवटी हरायचो. आता मी खरोखरच त्या नातेवाइकाच्या कामगिरीवर निघालो होतो आणि या खेपेला हरायची माझी तयारी नव्हती.

बीडला सकाळी उतरलो. स्टँडवर चहा घेतला आणि धारूरची एस.टी. पकडली. तेलगाव मागे पडलं तसे बालाघाटचे डोंगर जवळ आले आणि घाट सुरू झाला. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला काय होतं ते मी पाहिलंच नाही. समोरच्या सीटची दांडी धरून डोळे मिटले. देवावर माझा भरवसा पक्का आहे. फक्त घरी दाराची कडी दोनदा तपासल्याशिवाय मला झोप लागत नाही.

शेजारी एक म्हातारी बसली होती. मांडीवर सीताफळांची पाटी. तिच्या घरी शेळ्यामेंढ्या होत्या, हे तिनं न विचारताच सांगितलं.

"पाव्हणं, लई घाबरता तुमी," ती म्हणाली. "पयल्यांदाच आलाव का?"

मी मान डोलावली. तेवढ्यात खालून काहीतरी फाटकन वाजलं आणि बस चढावरच थांबली. ड्रायव्हर उतरला, वाकून बघून आला आणि पट्टा तुटल्याचं जाहीर केलं. दुसरी गाडी कधी येईल याचा नेम नव्हता. मला सिस्टरांच्या दवाखान्यात जायचंय हे कळल्यावर म्हातारी म्हणाली, "मंग बसता कावून (का)? आमच्या वस्तीवरूनच वाट जाती. चला."

कंबरेएवढ्या गवतातून पायवाट होती. ती पुढे, मी मागे, हातात रोजरी. गवतात काही सळसळलं की मी थबकायचो.

"मावशी, साप असतात का हो इथे?"

"आसतेत की. माझ्या सुनंला ह्याच रानात चावला. मागल्याच म्हैन्यात." तिनं पाटी खाली ठेवली. "मोठी सिस्टर कुटं तरी गेलती. धाकलीच एकली व्हती. तिनंच जीप बोलावली अन् अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यापातूर सुनंचा हात धरून बसली. मी व्हते ना संगं. पोरीचे हात लटलट कापत व्हते, दात वाजत व्हते. पर हात सोडला न्हाई तिनं."

"सून?"

"वाचली. शेळ्यांमागं फिरती आता."

"धाकटी सिस्टर म्हणजे कोण?" ठाऊक असून मी विचारलं.

"क्लारा."

फोनवर ती यातलं अवाक्षर बोलली नव्हती. फोनवर तिथे सीताफळं गोड असायची, हवा छान असायची. मी एका दगडावर बसलो. म्हातारीनं एक सीताफळ फोडून माझ्या हातात दिलं. "खा. पोटात काई आसलं की भेव (भीती) कमी वाटतं." मी खाल्लं. भीती तेवढीच राहिली, पण फळ खरंच गोड होतं.

दवाखाना म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या, पुढे एक लिंबाचं झाड आणि कडेला छोटंसं प्रार्थनाघर. क्लारा दारातच भेटली. वाळली होती. सिस्टर फिलोमिना, म्हणजे म्हातारीनं सांगितलेल्या मोठ्या सिस्टर, यांनी आधी जेवायला बसवलं. ज्वारीची भाकरी आणि येसराची (भाजून दळलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाची) आमटी. आमटी इतकी झणझणीत, की माझ्या डोळ्यांतल्या पाण्याबद्दल कुणी काही विचारलं नाही.

जेवण झाल्यावर क्लारा मला प्रार्थनाघरात घेऊन गेली. वेदी म्हणजे एक लाकडी टेबल, त्यावर पांढरं कापड.

"पप्पा, मी बॅग भरून ठेवलीय," ती म्हणाली. "तुम्ही चल म्हणालात की येते."

जे मागायला आलो होतो ते न मागता मिळालं होतं. तरी मी विचारलं.

"का गं?"

"एका बाईला साप चावला, त्या दिवशी जीपमध्ये मी 'नमो मरिया' म्हणायला घेतलं आणि अर्ध्यावर विसरले. नुसती भीती, दुसरं काही नाही. देवाच्या कृपेवर विश्वास असणाऱ्याला एवढी भीती वाटते का? तुमच्या गोष्टीतल्या एकाही संताला वाटली नाही."

'चल' हा शब्द माझ्या जिभेवर होता. तिकिटं खिशात होती. पण तिचं म्हणणं खरं होतं. संतांची भीती मीच गोष्टींतून गाळत आलो होतो. मी स्वतः भित्रा, म्हणून मला न घाबरणारे संत हवे होते. आणि माझ्या लेकीनं त्या गाळलेल्या गोष्टींवर स्वतःला मोजलं होतं.

"चादर कशी धरायचीस तू?" मी विचारलं.

"घट्ट."

"का?"

"तुम्ही ओढून घ्याल म्हणून."

"मग संत क्लारानं ते कापड घट्ट का धरलं असेल? न घाबरलेलं माणूस कशाला काही घट्ट धरेल? घाबरलीच असणार ती. मी तुला ते कधी सांगितलं नाही. चुकलं माझं."

ती वेदीकडे वळली. "मग त्या दिवशी कृपा कुठे होती?"

"तू प्रार्थना विसरलीस, पण त्या बाईचा हात सुटला नाही. तो तू एकटीनं धरला होतास असं मला वाटत नाही."

तिनं डोळे पुसले. "मी काय करू, पप्पा?"

"मला वाटतं, तू घरी यावंस. मला फार भीती वाटते. म्हणूनच मला विचारू नकोस."

सकाळी उठलो तेव्हा तिची बॅग खुंटीला रिकामी टांगलेली होती. ती मला धारूरच्या स्टँडवर सोडायला आली. बस हलली तेव्हा मला ओरडून सांगावंसं वाटलं, की अजून वेळ गेलेली नाही, चढ. ओठ दाबून धरले. घाट उतरताना पुन्हा दांडी धरली, मात्र या खेपेला डोळे उघडे ठेवले. दरी खरोखरच खोल आहे.

बीडहून निघालेल्या गाडीत माझ्या शेजारची सीट रिकामी होती. एका बाईनं विचारलं, "हितं कुणी हाय का?"

"नाही," मी म्हणालो. "बसा."

वसईला रोझी, माझी बायको, फाटकातच उभी होती. तिनं आधी माझ्याकडे आणि मग माझ्या मागे पाहिलं. मागे कुणीच नव्हतं.

"घाबरली नाही ना ती तिथे?" तिनं हळूच विचारलं.

"घाबरलीय. राहिलीय."

आत क्लाराच्या पलंगावर रोझीनं धुतलेली चादर घालून ठेवली होती. चपला काढून मी तिथे टेकलो. 'नमो मरिया' सुरू केलं आणि अर्ध्यावर अडखळलो. मग चादरीचं टोक मुठीत घेतलं आणि घट्ट धरून ठेवलं.