मोहाखालच्या वेलाची बाटली

आज सकाळी घरात दूध उतू गेल्याचा वास आला. गॅस बंद होता.

बायको म्हणाली, "दूधवाला तर अजून आलाच नाई."

मी कपाट उघडलं. बाटलीचं बूच बोटभर वर आलं होतं. तीन वर्षं जपून ठेवलेली, एकच बाटली.

अर्ध्या तासानं चिमूरकडच्या गावातून फोन आला. सोमाभाऊंच्या बायको, सुमनबाई होत्या.

"मिस्तरी, हे गेले. ते घेऊन या."

मित्रांनो, भद्रावतीतलं माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान तुम्हाला माहीत आहे. घरी वाईन करायचा नादही माहीत आहे. कोणाकडं शिकलो नाही. मोबाईल, दोन जुनी पुस्तकं आणि बिघडलेल्या बारा बरण्या, एवढेच माझे गुरू.

लोक विचारतात, द्राक्ष कोणतं घ्यावं?

बाजारातली हिरवी थॉम्पसन घेऊ नका. खायला गोड, पण वाईन पाणचट होते. काळी शरद रंग देते, जिभेवर अंग देत नाही. शिराझ उत्तम, पण आमच्या उन्हात माझी तरी करपली. तगते ती बेंगलोर पर्पल. साल जाड, बी मोठी, साखर मात्र बेताची. साखर मोजायच्या मीटरवर सतराच्या वर मी कधी पाहिली नव्हती.

या चारही जाती मी सोमाभाऊंच्या अंगणात लावल्या होत्या. त्यांचा जळालेला पंप मी रिवाइंड करून दिला, तिथून ओळख. नाद माझा, अंगण त्यांचं.

छाटलेल्या काड्या मी घरामागच्या मोहाखाली फेकायचो. त्यातली एक रुजली. कोणी पाणी घातलं नाही, कोणी आधार दिला नाही. तिसऱ्या वर्षी मोहावर घड लोंबायला लागले.

भाऊ म्हणाले, "मिस्तरी, लागन तेवढे तोड. त्या मोहावरचे नको."

"काऊन?"

"नको म्हनलं ना."

त्या मोहाची फुलंही कोणी वेचत नसे. सगळं गाव टोपल्या घेऊन जंगलात जायचं आणि घरामागची फुलं तशीच पडून सुकायची. हे माझ्या लक्षात आलं होतं. मी विचारलं नाही.

त्या द्राक्षाला मीटर मात्र लावला.

बावीस.

काच पुसून पुन्हा लावला. बावीस.

भाऊ शेतात गेले होते. मी सहा किलो तोडली.

हो, चोरून.

चार बाटल्या झाल्या. तशी वाईन मी त्याआधी केली नाही, नंतरही नाही. दोन मीच संपवल्या. दिवाळीनंतर तिसरी घेऊन गेलो. कोणत्या वेलाची ते सांगितलं नाही.

"ओळखा भाऊ!"

त्यांनी पेला नाकाशी नेला. तोंडाला लावला नाही.

"याले दुधाचा वास येते."

मी खूश. "काय नाक हाय भाऊ तुमचं! द्राक्षातलं आंबट असते ना, बारीक जंतू त्याचं दह्यातल्यासारखं आंबट करून टाकते. मंग वास येते."

"मोहावरचं हाय?"



सुमनबाई उठून आत गेल्या.

"पोरगी हाय तिथी," भाऊ म्हणाले. "आठ महिन्याची होती. दूध पिणारं लेकरू गेलं का आमच्यात मोहाखाली मातीत ठेवते. झाड पाजते त्याले."

माझं शास्त्र बरोबर होतं. आजही बरोबर आहे.

पण दोन बाटल्या माझ्या पोटात गेल्या होत्या.

भाऊ ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पेला आणि बाटली दोन्ही मोहाच्या बुडाशी ओतली. "तिचं तिले."

मग विचारलं, "आनखी हाय?"

"घरी एक."

"पिऊ नको. मी मेलो का आन. रिकाम्या हातानं गेलो तं पोरगी काय म्हनन?"

आणि हसले.

बूच का उचललं, ते मला माहीत आहे. एप्रिलचं तापलेलं कपाट, बाटलीत जंतूंचं अर्धवट राहिलेलं काम पुन्हा सुरू झालं, वायूनं बूच ढकललं. इतकंच.

पण मग वास ताकाचा, लोण्याचा यायला हवा होता. तापल्या दुधाचा का आला, ते मला सांगता येत नाही.

दुपारी भाऊंना मातीत ठेवलं. सुमनबाईंनी अर्धी बाटली त्यांच्या पायाशी ओतली, अर्धी मोहाखाली. रिकामी बाटली माझ्या हातात दिली.

"बाप पोचला, मिस्तरी."

वेलाला यंदाही घड आहेत. मीटर खिशात होता.

लावला नाही.

सोमाभाऊ, त्या चोरीची माफी तुम्ही कधी मागू दिली नाही. आज सगळ्यांसमोर मागतो.

पोरीला माझं नाव सांगू नका.

तुमच्याच शब्दांत निरोप घेतो. जय सेवा, भाऊ.